रक्तपिपासूंविषयी माझी निःपक्ष मते

स्वस्ति श्री. अखिल-शांतीनगर-भूमंडल-भूषण, जलटाकी-परीक्षण-पारंगत, वाहनतळ-कलह-कृतांत, परिपत्रक-पंचानन, उद्वाहन-दुरुस्ती-दीक्षित, नऊ वर्षे अविच्छिन्न सचिवपदाधिष्ठित, सागरी विमा कार्यालयाचे ज्येष्ठ सहायक (सांप्रत आजारपणाच्या रजेवर), सदनिका क्रमांक चारशे तीनचे अधिपती (सहअधिपती : सौ. हंसा), श्रीमान आत्माराम वासुदेव टिपणीस यांच्या खाजगी दैनंदिनीचा हा शुभारंभ. अनधिकृत वाचकांस, विशेषतः उपरोक्त सहअधिपतींस, प्रवेश निषिद्ध.

रविवार, ६ एप्रिल

हे लेखन मी हौसेने आरंभलेले नाही. माझ्या अस्थिमज्जेने कसलीही पूर्वसूचना न देता रक्तनिर्मितीचे काम जवळजवळ बंद केले आहे. डॉक्टर म्हणाले, "मज्जा आळसावलीये." ज्याने उभ्या नोकरीत एकदाही उशिरा सही केली नाही, त्याच्याच हाडांत हे कामचुकार निघावेत, यास काय म्हणावे? परिणामी, साधारण दर तीन आठवड्यांनी परक्या रक्ताच्या दोन पिशव्या माझ्या देहात रित्या कराव्या लागतात. त्या न मिळाल्यास काय होईल, हे डॉक्टरांनी हंसाला शेजारच्या खोलीत नेऊन सांगितले. तिने ते मला अद्याप सांगितलेले नाही, आणि मीही विचारलेले नाही.

रक्तपेढीचा दंडक असा, की प्रत्येक पिशवीमागे रुग्णाच्या घरच्यांनी एक दाता हजर करावा. दात्याचा गट कोणताही चालतो. ते त्याचे रक्त साठ्यात घेतात आणि मला माझ्या गटाचे देतात. हा व्यवहार हंसा पाहते. "तुम्ही नका लक्ष घालू, होतंय ते," असे ती म्हणाली. तिचे माहेर वसईचे, भावंडांनी गजबजलेले. ती मंडळी परस्पर येऊन जात असावीत.

मी अट मात्र एकच घातली आहे. आमच्या गृहनिर्माण संस्थेत या प्रकरणाचा एक शब्दही जाता कामा नये. ज्या सभासदांना मी नऊ वर्षे चपला कोठे काढाव्यात हे लेखी कळवत आलो, त्यांच्यापुढे माझा बाहू पसरलेला मला पाहावयाचा नाही. संस्थेत कुणाला कळल्यास मी सुई टोचून घेणार नाही, असे मी हंसाला निक्षून सांगितले. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली.

काल रक्त चढण्यास सारा दिवस लागला. त्या काळासाठी हंसाने रद्दीच्या दुकानातून "जाडसं काहीतरी" आणले होते : 'कृष्णपक्षाचे सरदार', खंड एक ते पाच. विषय, रक्तपिपासू. तिने मुखपृष्ठ पाहिले नव्हते. परिचारिकेने पाहिले, आणि डॉक्टर फेरीवर येताच माझ्या पोटावरची चादर पुस्तकावर ओढली.

गुरुवार, १० एप्रिल

प्रथम खंड समाप्त. मते पुढीलप्रमाणे.

नायक सरदार उदयभान हा तीनशे वर्षे वयाचा साताऱ्याकडील सरंजामदार असून अत्यंत रडका आहे. दात लावण्यापूर्वी तीन पृष्ठे पश्चात्ताप, लावल्यानंतर पाच. मध्यंतरी तो बकऱ्याच्या रक्तावर राहण्याचे व्रत घेतो आणि त्याबद्दल इतका गहिवरतो, की बकऱ्याच्या भावना विचारात घेण्यास कुणाला उसंत मिळत नाही. नायिका मृण्मयी ही रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीस असूनही रक्त पाहताच मूर्च्छित होते. तिला कामावर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी व्हावयास हवी.

संपूर्ण ग्रंथात आदरास पात्र असा एकच पुरुष आहे : पिशाचनिर्मूलक प्राध्यापक त्र्यंबक. हा गावोगाव हिंडून दारांवर लसूण कसा व किती टांगावा याची पत्रके लावतो. भाषा स्वच्छ, शिस्त कडक. याच्या तोंडचे एक वाक्य मी अधोरेखित केले : 'जो दुसऱ्याच्या रक्तावर जगतो, तो जगतच नाही.'

पुन्हा वाचल्यावर मात्र ते तितकेसे प्रासादिक वाटेना.

गुरुवार, १७ एप्रिल

पायांना चैन नाही. बसलो की पोटऱ्यांत काहीतरी सळसळते आणि पाय माझी अनुमती न घेता उठतात. दिवाणखाना ते स्वयंपाकघर, तेथून गॅलरी, तेथून पुनश्च दिवाणखाना. डॉक्टरांच्या मते हेही रक्त घटल्याचे लक्षण आहे. हंसाच्या मते मी फरशी झिजवतो आहे.

दुसऱ्या खंडात उदयभानही असाच येरझारा घालतो. लेखक याला 'शापित आत्म्याची तळमळ' म्हणतो. तपासणी केली असती तर निदान निराळे निघाले असते.

सायंकाळी खाली उतरलो. उद्वाहनात तिसऱ्या मजल्यावरचे जितेंद्र शाह आणि तळमजल्यावरचा भूपेश काहीतरी बोलत होते. मला पाहताच दोघेही मौनात गेले. शाह यांच्याशी माझे चपलांच्या मांडणीवरून चार वर्षांचे पत्रयुद्ध आहे. भूपेशच्या दुचाकीला मी दोनदा साखळी घातली आहे. हे दोघे एकत्र हसत असतील तर समजू शकतो. एकत्र गप्प बसतात, हे संशयास्पद आहे.

शाह केवळ इतके म्हणाले, "टिपणीसभाई, तबियत कशी? ऊन लई आहे, फिरू नका जास्त."

माझ्या प्रकृतीशी यांचा संबंध काय?

गुरुवार, २४ एप्रिल

षड्यंत्र उघडकीस आले आहे.

आज सकाळी भूपेशच्या डाव्या कोपराच्या लवणीत छोटीशी गोल पट्टी दिसली. मागाहून दुसऱ्या मजल्यावरच्या रुचिता सामंत दूध घेऊन आल्या. त्यांच्याही कोपरात तश्शीच पट्टी. मग आठवले, की मार्चअखेरीस शाह यांच्याही हातावर ती होती आणि विचारताच त्यांनी बाही खाली ओढून "मच्छर" असे उत्तर दिले होते. गोल, पांढऱ्या पट्टीचा मच्छर.

अनुमान स्पष्ट आहे. एखाद्या प्रयोगशाळेने आमच्या संस्थेसाठी सवलतीची आरोग्यतपासणी योजलेली आहे, आणि सभासद तिचा लाभ एकेकट्याने, चोरून, सचिवास वगळून घेत आहेत. माझ्या मंजुरीविना. याचा पुढला टप्पा माझ्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव हाच असणार.

हंसाला हे साद्यंत ऐकवले. तिच्या हातातून लाटणे पडले. "तुम्ही यात पडू नका हो," ती म्हणाली. "तुम्हाला काय करायचंय त्यांच्या पट्ट्यांचं?" स्त्रियांना घटनात्मक प्रश्नांचे गांभीर्य कळत नाही.

इतक्यात उत्तनची इंदुबाई पाटी घेऊन दारात आली. आठवड्यातून दोनदा ती आम्हास मासे देते. फेरीवाल्यांनी पाटी उद्वाहनातून नेऊ नये, असे माझे एक परिपत्रक आहे. त्यामुळे ती चार जिने चढून येते आणि दारात पाटी टेकवून माझ्याकडे रोखून पाहते.

"काय भाऊ, पांढरे पडले की," ती म्हणाली. "पापलेटासारके दिसता."

"हे वयोमानपरत्वे असते, इंदुबाई."

"माजा म्हातारा तुमच्याहून धा वर्सांनी मोटा हाय. त्यो न्हाय दिसत असा." मग हंसाकडे वळून, "वैनी, झालं का तुमचं त्ये काम?"

हंसाने घाईने भाव विचारला. कसले काम, हे राहूनच गेले.

शुक्रवार, २५ एप्रिल

परिपत्रक सूचनाफलकावर लावले. नोंदीसाठी प्रत :

'सर्व सन्माननीय सभासदांस सविनय परंतु सखेद सूचित करण्यात येते, की काही सभासद वैयक्तिक स्वार्थापोटी रक्तविषयक सवलतींचा प्रच्छन्न उपभोग घेत असल्याचे त्यांच्या कूर्परस्थानी आढळलेल्या चिन्हांवरून निष्पन्न झाले आहे. सामूहिक हिताशी केलेली ही प्रतारणा निषेधार्ह असून संबंधितांनी लेखी खुलासा सादर करावा.'

'कूर्परस्थानी' हा शब्द साधला, असे मला वाटते.

रविवार, २७ एप्रिल

काल पुन्हा पिशव्या झाल्या. उपयोग तत्काळ होतो, हे मान्य केले पाहिजे. संध्याकाळपर्यंत नखांना रंग आला, पाय शांत झाले, आणि मी बसल्या बसल्या अर्धा खंड वाचला.

पिशवीवर एक क्रमांक आणि गट, एवढेच असते. माणसाचे नाव नसते. मी परिचारिकेला विचारले, हे कोणाचे? ती म्हणाली, "काका, ते नसतं सांगत." माझ्या देहात कोणीतरी वावरते आहे आणि माझा त्याच्याशी परिचय नाही. वसईच्या मंडळींपैकीही नसेल. त्यांचे तर बदल्यात साठ्यात गेलेले. उदयभानास निदान चेहरा माहीत असतो.

तिसऱ्या खंडात एका नियमाचा विस्तार आहे. रक्तपिपासू कितीही बलाढ्य असला तरी घरच्यांनी 'या' म्हटल्याखेरीज त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. भिंतीवर चढेल, वटवाघूळ होईल, पण दारात उभा राहून वाट पाहील. मला ही तरतूद अतार्किक वाटते. ज्याला हवे आहे त्याने सरळ घ्यावे किंवा उपाशी मरावे. दारात ताटकळणे हा पुरुषार्थाचा अवमान आहे.

परिपत्रकावर अद्याप एकही खुलासा आलेला नाही. शाह फलकापाशी उभे राहून वाचताना दिसले. दोनदा वाचले. मग निघून गेले. हंसाने आज फलक पाहिला, वर येऊन म्हणाली, "काढा तो कागद." मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही, जेवणाची वर्दी वगळता.

शुक्रवार, ९ मे

इमारत ओस पडली आहे. सुट्टी लागताच कोकणातले कोकणात, कच्छातले कच्छात. वाहनतळात प्रथमच सर्व वाहने आपापल्या रेषेत आहेत, आणि दंड करण्यास कोणी नाही.

हंसा दिवसभर दूरध्वनीवर असते. मी खोलीत शिरलो की "ठीक आहे, मग बघते" म्हणून ठेवते. वजन उतरले आहे तिचे. विचारले, तर म्हणाली, "उन्हाळा आहे."

पाय पुन्हा सुरू झाले आहेत. दोन ओळी वाचून उठतो. चौथ्या खंडात प्राध्यापक त्र्यंबक एका म्हातारीला गावाबाहेर काढतो, कारण तिने उदयभानाला पाणी दिले. लेखकाने त्याला एवढे कठोर करण्याचे कारण नव्हते. पूर्वीच्या खंडांत तो इतका मूर्ख वाटला नव्हता.

सोमवार, १२ मे

हंसाने सांगितले.

मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. ती ओट्याला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे न पाहताच बोलायला सुरुवात केली, म्हणून मध्ये थांबवता आले नाही.

"वसईहून कोणी आलं नाही कधी. माधवदादाला शुगर आहे, बाकीची भावंडं टाळतात. पहिल्यांदा जितेंद्रभाई गेले. मी नाही विचारलं त्यांना, मी लिफ्टमध्ये रडत होते, त्यांनी विचारलं. मग सामंतबाई, भूपेश, पहिल्या मजल्यावरचे ते दोघे. सगळ्यांना मी शपथ घातली होती की यांना कळू देऊ नका, हे सुई घेणार नाहीत. आणि तुम्ही फलकावर लिहिलंत, स्वार्थापोटी."

मी म्हणालो, "मला ठाऊक नव्हते."

"तुम्हाला ठाऊक नसावं म्हणूनच तर मेले मी दोन महिने." मग शांतपणे, "शनिवारी तुमची पाळी आहे. ज्यांनी दिलं त्यांना इतक्यात परत देता येत नाही. बाकीचे गावी गेलेत. जे उरलेत त्यांच्यासमोर, तो कागद तिथे असताना, मी कुठल्या तोंडाने जाऊ? आता तुम्ही जा. नाहीतर नका जाऊ. डॉक्टर त्या दिवशी काय म्हणाले ते सांगू का?"

मी नको म्हणालो.

माझ्या प्रतिज्ञेनुसार मी आता सुई नाकारावयास हवी. या वाक्यापुढे काय लिहावे ते सुचत नाही.

मंगळवार, १३ मे

सकाळी परिपत्रक काढले. टाचण्या चार होत्या. शिस्तीच्या आवडीमुळे मी चारही कोपरे पक्के करतो. चौथी निघेना. नख मोडले.

तेथून तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार उघडेच होते. बाहेर चपलांची ती सुप्रसिद्ध मांडणी, आत शाह सोफ्यावर पाय वर घेऊन वर्तमानपत्र वाचत होते. घंटा वाजवण्याची आवश्यकता नव्हती. एक पाऊल टाकले असते तर मी आत होतो. ते मला टाकता आले नाही. किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेवटी त्यांनी मान वर केली.

"अरे, टिपणीसभाई. बाहर काय उभे? या, या ने आत. बेसो."

मग मी आत गेलो.

घरून एक छोटेसे भाषण रचून नेले होते, 'कृतज्ञतेचे ऋण' वगैरे. ते "जितेंद्रभाई" एवढ्यावरच संपले. त्यांनी ताकाचा पेला पुढे केला.

"वो नोटीस मी वाचली," ते म्हणाले. "दोन वेळा वाचली. काय समजलं नाही. कूर्पर म्हणजे काय?"

"कोपर."

"कोपर." त्यांनी स्वतःच्या कोपराकडे पाहिले. "मला वाटलं कापूर. मला वाटलं, टिपणीसभाई आता पूजा पण बंद करणार."

मी हसलो असे त्यांच्या पत्नीने नंतर हंसाला सांगितले. मला आठवत नाही.

"माझा नंबर जूनच्या शेवटी," ते म्हणाले. "तेव्हा परत येतो, टेन्शन नको. आता तुम्ही काम करा. ग्रुपवर स्वतः टाका. भाभींना नका पाठवू दारोदार. पण भाई, साध्या भाषेत."

घरी येऊन मसुदा केला. 'रुधिराच्या तातडीच्या निकडीस्तव सहृदय सभासदांस आवाहन'. खाली नेऊन शाह यांना दाखवला. त्यांनी वाचून मान हलवली, "आमंत्रणपत्रिका वाटते. कोणाचं लग्न?" दुसरा मसुदा लहान केला. "अजून लांब." तिसरा मी तेथेच, त्यांच्या सोफ्यावर बसून लिहिला आणि विचार बदलण्यापूर्वी पाठवून दिला :

'मला रक्त हवे आहे. आत्माराम, ४०३.'

पाठवल्यावर वाचले. तीनशे वर्षांत उदयभानाच्या तोंडून हे इतके सरळ वाक्य निघालेले नाही.

बुधवार, १४ मे

रात्रीपर्यंत गटावर कोणी काही लिहिले नव्हते, आणि मी फरशी झिजवत होतो. सकाळी उत्तरे आली. बहुतेक गावाहून : 'अंकल, पुढच्या महिन्यात पक्का.' 'काका, भुजला आहे, एकोणतीसला येतो.' पाचव्या मजल्यावरचा महिपत, ज्याच्या झाडांच्या कुंड्या मी गच्चीवरून हटवल्या, त्याने फक्त 'किती वाजता' असे विचारले. विरामचिन्हही नाही. मी या माणसाला तीन स्मरणपत्रे पाठवली आहेत.

म्हणजे एक झाला. दुसरा नव्हता.

इंदुबाई अकराच्या सुमारास आली. हंसाने तिला सारे सांगितले; मी खुर्चीवर बसून ऐकत होतो, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट.

"त्ये काम म्हंजी ह्ये व्हय? मंग मला का न्हाय बोलली तू?" तिने हंसाला दटावले. "मी काय परकी हाय?"

"अहो, तुम्हाला उन्हातान्हात..."

"चार जिने चडते मी, पाटी घेऊन. भाऊंच्या कायद्यानं." मग माझ्याकडे बोट करून, "भाऊ, रगत चालंल ना कोळणीचं? का त्याला पन लिफ्टमदनं न्यायची बंदी हाय?"

मी उठून उभा राहिलो. तिला 'आपण' म्हणून काहीतरी बोलणार होतो. "बसा, बसा," ती म्हणाली, "पडाल मदीच. येते मी शनवारी. मासळी लवकर इकते नि येते."

सोमवार, १९ मे

शनिवारी पार पडले. इंदुबाईचे हिमोग्लोबिन तपासून तेथील डॉक्टरांनी यंत्र बिघडले की काय म्हणून पुन्हा तपासले. ती बिस्कीट खात महिपतला भरतीच्या वेळा सांगत होती. महिपत मला पाहून म्हणाला, "काका, त्या कुंड्या?" मी म्हणालो, पाहू. त्याने आग्रह धरला नाही. ते अधिक जड गेले.

माझा हात सुईखाली असताना पाचवा खंड संपला. अखेरीस उदयभान, कुणाचेही रक्त यापुढे घ्यावयाचे नाही असे ठरवून, एका पहाटे गडाच्या बुरुजावर उभा राहतो आणि सूर्यकिरणांत भस्म होतो. मृण्मयी मूर्च्छित पडते. लेखकाने हा त्याग मानला आहे, आणि एप्रिलमध्ये मीही मानला असता.

माझे आजचे मत : हा भित्रेपणा आहे. तीनशे वर्षे जगलेल्या या माणसाला एका गोष्टीची भीती होती, की पुढल्या महिन्यातही कुणाच्या तरी दारात जाऊन उभे राहावे लागेल. त्यापेक्षा जळणे सोयीचे. बुरुजावर कोणी 'बसा' म्हणत नाही आणि ताकही देत नाही. ७ जूनसाठी मला दोन माणसे लागणार आहेत. आज सकाळी मी पहिल्या मजल्यावर, ज्यांनी अद्याप दिलेले नाही अशा दोन घरी, जाऊन आलो. एकाने दार उघडले नाही. दुसऱ्याने विचार करतो म्हटले. उद्या पुन्हा जाईन.

हंसा काल दुपारी तीन तास झोपली. मी दिवाणखान्यात बसून राहिलो. तिला जाग येईल म्हणून पाय हलवले नाहीत.

एक बाब मात्र तातडीने सुटली पाहिजे. शनिवारपासून घरात अन्नाचे डबे येत आहेत. शाह यांचा थेपल्यांचा, सामंतबाईंच्या बिटाच्या कोशिंबिरीचा, भूपेशच्या आईचा, आणखी तीन कोणाचे ते हंसालाही आठवत नाही. हंसाने सर्व एकाच वेळी घासून पालथे घातले. आता डबे सहा आहेत, झाकणे सात आहेत, आणि त्यांपैकी कोणतेही कशावरही बसत नाही. परत करावयाचे, तर एकावरही नाव नाही. मी सकाळपासून प्रत्येक झाकण प्रत्येक डब्यावर फिरवून पाहिले. थेपल्यांच्या डब्यावर एक अर्धवट बसते, पण ते दाबले की दुसऱ्या बाजूने उचलते.